खिडकीत ठेवलेलं पुस्तक

मी पुस्तक पुढं केलं. नानांनी हात मागं घेतला.

"खिडकीत ठेव. ऊन लागू दे."

नाना आमचे हेडक्लार्क. कलकत्त्यात एस्प्लनेडजवळच्या त्या सरकारी कचेरीत आम्ही मोजकीच मराठी माणसं होतो. मी नागपूरहून बदलून आलो आणि वाचायला काही मिळेना म्हणून जीव कासावीस झाला. मीच म्हणालो, घरची पुस्तकं आणू, कपाटात ठेवू, टिफिनच्या सुट्टीत अदलाबदल करू, वाचलेल्यावर बोलू. सगळ्यांना पटलं, वाचक मंडळ सुरू झालं. कपाटाची किल्ली मात्र नानांकडे गेली.

सुरुवातीला मी "अहो" होतो. मग एकदा नानांनी विचारलं, "नागपुरात कुठली वस्ती तुमची?" मी सांगितली. लपवायचं काय त्यात? नाना नुसतं "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी "अरे" झालो आणि माझ्याकडून परत आलेलं पुस्तक खिडकीत जाऊ लागलं.

"कलकत्त्याची हवा दमट. बुरशी धरते."

हवा सगळ्यांनाच दमट होती. बाकीच्यांची पुस्तकं सरळ कपाटात जायची. मी बघायचो. कोण कुणाकडे बघून हसतं. माझ्यानंतर तेच पुस्तक कोण मागतं. कुणीच मागत नसे. घटनेनं अस्पृश्यता बंद केली होती आणि आम्ही सगळे त्याच सरकारचा पगार खात होतो. तरी मी स्वतःलाच दटावायचो, उगाच संशय घेतोस, वाचायला मिळतंय ना? वाचायची भूक माणसाला लाचार करते.

एक दिवस सकाळपासून पाऊस. मी पुस्तक परत आणलं. नाना मान वर न करता म्हणाले, "खिडकीत."

मी ठेवलं आणि बघत उभा राहिलो. झड आत येत होती. पानं भिजत होती. नाना डबा खात होते, बाकीचे खाली बघत होते. पलीकडच्या टेबलावरचे घोषबाबू ओरडले, "ओ दादा, किताब भीग रहा है!" कुणी उठलं नाही.

बुरशीला भिणारा माणूस पुस्तक पावसात भिजू देत नाही. माझं डोकं सणकलं.

पुस्तक उचललं, सदऱ्याला पुसलं. कपाट उघडंच होतं. आतलं एकेक पुस्तक काढलं, दोन्ही हातांनी चाळलं, पुन्हा ठेवलं. सगळी.

"आता सगळीच टाका उन्हात."

नाना ताडकन उठले. "मंडळ बंद करीन!"

"तुमचं करा."

संध्याकाळी सगळे आपापली पुस्तकं घेऊन गेले. माझी तेवढी कपाटात उरली. दुसऱ्या दिवशी टिफिनला ती मी माझ्या टेबलावर मांडली. मंडळ मी सुरू केलं होतं. ते आता या टेबलावर चालेल. ज्याला वाचायचं त्यानं इथं यावं, माझ्याकडून मागून न्यावं. कुणी आलं नाही तर मी एकटा वाचीन. मोठ्यानं वाचीन, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं.