खात्रीसाठी केलेला फोन

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यातल्या बहिणीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण शोधत बसले तर पुन्हा राहून जाईल.

मी दुबईत बातम्यांचं काम करते. शहराच्या बर दुबई या जुन्या भागात आमचं लहानसं ऑफिस आहे. आफ्रिकेतली बंदरं, इंधन, निवडणुका, दंगे यांच्या बातम्या आम्ही इंग्रजीत तयार करतो आणि त्या वर्गणीदार व्यापारी कंपन्यांना जातात. त्याआधी दहा वर्षं मी पुण्यात एका दैनिकात होते. तिथे एक सवय लागली : कुणी काहीही सांगितलं तरी ते दुसऱ्या, त्रयस्थ माणसाकडून तपासून घ्यायचं. करामा या आमच्या वस्तीतल्या मित्रमंडळींत या सवयीची थट्टा चालायची. "हिला वाढदिवसाला बोलवायचं असेल तर जन्माचा दाखला काढून ठेवा," असं प्रशांत, माझा नवरा, सगळ्यांना सांगायचा. मला राग यायचा नाही. खरं म्हणजे आवडायचं.

इद्रिस माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. तो पश्चिम आफ्रिकेतला. त्याच्या देशाचं नाव इथे लिहीत नाही, आणि इथली सगळी नावं बदललेली आहेत. लहानपणापासून हिंदी सिनेमे बघून त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं. "मेमसाब, कन्फर्म किया?" हा त्याचा रोजचा नमस्कार. माझ्या डब्यातलं थालीपीठ त्याला आवडायचं. लोणचं सोसायचं नाही, तरी खायचाच. मग डोळे पुसत म्हणायचा, "खलास, मेमसाब. माझ्या मरणाची बातमी तुम्हीच लिहा. पण आधी कन्फर्म करा."

पाचेक वर्षांपूर्वी त्याच्या देशात लष्कराने सत्ता घेतली. नुकतीच निवडणूक झाली होती. निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांना पहाटे राहत्या घरातून नेण्यात आलं. सकाळी रेडिओवर एका अधिकाऱ्याने जाहीर केलं की मतमोजणीत घोटाळा झाला होता, म्हणून सैन्याला यावं लागलं.

इद्रिसची धाकटी बहीण हलिमा तिथल्या निवडणूक कार्यालयात, निकालाच्या विभागात नोकरीला होती. त्या पहाटे ती ड्यूटीवर होती. सैनिक आले आणि मतमोजणीचे सह्या केलेले तक्ते गोण्यांत भरून घेऊन गेले, हे तिने पाहिलं. ते तक्ते तिने स्वतः दोनदा ताडून पाहिले होते. आकडे बरोबर होते. म्हणजे घोटाळा झालाच नव्हता, आणि तो झाला नव्हता याचा पुरावा सैनिकांनी उचलून नेला होता.

हे सगळं तिने आपल्या फोनवर रेकॉर्ड करून इद्रिसला पाठवलं. तिची तयारी नव्हती. इद्रिसनेच इथून फोन करून, मागे लागून तिला बोलायला लावलं होतं — हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ते रेकॉर्डिंग मला ऐकवलं आणि वाक्यावाक्याचा अर्थ सांगितला. मग म्हणाला, "नाव नको. कुठेही नको."

"नाही घालणार," मी म्हटलं.

आणि घातलं नाही. हे मी पुढे स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल? नाव घातलं नाही. शब्द पाळला.

पण बातमी एकाच माणसाच्या सांगण्यावर उभी होती, आणि तेही निनावी. आमचे डेस्क प्रमुख चाकोसर केरळचे, शांत माणूस. ते म्हणाले, "अशी बाई खरंच तिथे आहे का? भाऊ सांगतो ते धरता येत नाही. बाहेरून बघ." फोन कर, असं ते म्हणाले नव्हते. त्यांच्यावर काही ढकलता येत नाही.

बाहेरून बघायचे दुसरे मार्ग होते. निवडणुकीच्या वेळी तिथे जाऊन आलेले परदेशी निरीक्षक होते, त्यांतल्या दोघांचे नंबर माझ्याकडे होते. जुनी कर्मचारी यादी कुठेतरी मिळाली असती. एक-दोन दिवस लागले असते. मला बातमी त्याच दिवशी पाच वाजता हवी होती.

मी निवडणूक कार्यालयाच्या मुख्य नंबरवर फोन केला. ऑफिसच्या फोनवरून.

एका पुरुषाने उचलला. स्वच्छ इंग्रजी, घाई नाही. मी विचारलं, निकालाच्या विभागात अमुक नावाच्या बाई आहेत का? हलिमाचं पूर्ण नाव घेतलं. तो म्हणाला, आहेत. आता इथे थांबता आलं असतं. मी थांबले नाही. मी विचारलं — काल पहाटे त्या ड्यूटीवर होत्या का?

त्याने कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "होत्या. आपण कोण बोलताय?"

मी नाव सांगितलं. आमच्या बातमीपत्राचं नाव सांगितलं. त्याला नीट कळेना तेव्हा एकेक अक्षर करून सांगितलं. तो लिहून घेत होता, ते मला कळत होतं. त्याने आभार मानले. मीही मानले. फोन ठेवून मी मजकुराच्या समासात बरोबरची खूण केली.

आदल्या दिवशीच ज्या इमारतीचा ताबा सैन्याने घेतला, तिथला फोन कोण उचलणार? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, असं लिहायला मला आवडेल. कदाचित पडलाही नसेल. पण मग दुसऱ्या एका गोष्टीचं उत्तर देता येत नाही. इद्रिस दुपारच्या नमाजला गेला होता आणि तेवढ्यात मी फोन केला, असं मी स्वतःशी म्हणत आले आहे. ते खरं नाही. नंबर मी अर्धा तास आधीच कागदावर लिहून ठेवला होता. इद्रिस शेजारी बसला होता. तो उठायची मी वाट पाहिली. का पाहिली? त्याने फोन करू दिला नसता, हे मला ठाऊक होतं म्हणूनच ना?

बातमी पाच वाजता गेली. "या कर्मचाऱ्याच्या नोकरीची आम्ही स्वतंत्रपणे खात्री केली आहे," असं एक वाक्य मी त्यात घातलं. ते इद्रिसने वाचलं असणारच. कशी केली, हे त्याने विचारलं नाही. त्याचा माझ्यावर विश्वास होता. चाकोसरांनी शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इद्रिसच्या आईचा फोन आला. हलिमाला घरातून नेलं होतं.

तो फोन हातात धरून बसून राहिला. मी त्याच्यासमोर पाणी ठेवलं. मग तो इंग्रजीत बोलायला लागला, सावकाश, एखादा हिशेब मांडावा तसा. "तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, फक्त मला. बातमीत तिचं नाव नाही. म्हणजे माझा फोन. ते माझा फोन ऐकत होते. मी तिला बोलायला लावलं, आणि तेही फोनवर." मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "फोनवरूनच ना? तुम्ही सांगा, मेमसाब. तुम्हाला कळतं यातलं."

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरोखरच माझ्याकडून खात्री करून घ्यायची होती.

मी म्हटलं, "तसंच दिसतंय."

कबुली द्यायची ती या दोन शब्दांची. फोन ही चूक होती. घाई म्हणा, बेफिकिरी म्हणा, हाव म्हणा. हे दोन शब्द मी शुद्धीवर असताना, त्याच्या डोळ्यांत बघत उच्चारले.

इद्रिसने त्या आठवड्यात नोकरी सोडली. आपला फोन त्याने खाडी ओलांडताना अब्रातून, म्हणजे त्या लाकडी होडीतून, पाण्यात टाकला, असं नंतर ऑफिसात कुणीतरी सांगितलं. त्याने आईला सगळं कळवलं होतं — जे त्याला खरं वाटत होतं ते सगळं. आईने त्याच्याशी बोलणं बंद केलं.

त्यानंतर मी काय केलं? माझ्या सोयीची एक शंका जपून ठेवली. त्या दिवसांत तिथे कितीतरी लोकांना उचललं होतं. त्या विभागातले सगळेच कदाचित गेले असते. माझ्या फोनमुळेच झालं, याला पुरावा कुठे आहे? आयुष्यात पहिल्यांदाच मी एक गोष्ट तपासून बघायची टाळली.

दीड वर्षाने हलिमा सुटली. इद्रिस तोवर फुजैराला, जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत कारकून झाला होता. बंदराच्या कामासाठी मी तिकडे गेले होते. आम्ही एका कॅफेटेरियात कडक चहा घेतला. तो बारीक झाला होता. हलिमा घराबाहेर पडत नाही, म्हणाला. उजव्या हाताने लिहिता येत नाही. तिथे काय झालं ते सांगत नाही, फक्त एकच गोष्ट तिने सांगितली.

"कोणती?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी ते तिला म्हणाले, दुबईहून फोन आला नसता तर आमचं तुझ्याकडे लक्षही गेलं नसतं." इद्रिसने कप खाली ठेवला. "माझा फोन, मेमसाब."

समोर बसून मी ते ऐकलं. माझी शंका तिथे संपली. त्याची तर कधीच संपली होती. दुबईहून गेलेला तो फोन कुठला, हे त्या टेबलावर एकट्या मलाच माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा संपवला.

निघताना त्याने माझ्या मुलीसाठी खजुराचा डबा दिला. म्हणाला, "त्या दिवशी नियमाने वागलेल्या तुम्ही एकट्याच. नाव छापणार नाही म्हणालात आणि छापलं नाहीत. मी आईलाही तसं कळवलंय."

मी डबा घेतला. घरी आल्यावर प्रशांतने विचारलं, "काय म्हणतो इद्रिस?" मी म्हटलं, "बरा आहे." मुलीने डबा उघडला, म्हणाली, "आई, दीज आर सो गुड." मीही एक खाल्ला.

गेल्या वर्षी त्याची आई वारली. त्याला जाता आलं नाही. तिथे उतरल्याबरोबर त्याला अटक होईल. शेवटपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. हे त्याने मला एका ओळीत कळवलं. मी उत्तरात दुःख व्यक्त केलं. मजकूर दोनदा वाचून पाहिला आणि मग पाठवला.

मी अजून त्याच ऑफिसात आहे. माझी रोजची भाषा इंग्रजी. बातम्या, पत्रं, घरभाड्याच्या तक्रारी, सगळं मी इंग्रजीतच लिहिते. इद्रिसही इंग्रजी वाचतो. हे एवढंच मी मराठीत लिहिलं आहे.