काचेबाहेरची मावशी

नव्या गाडीचं तिकीट मोबाइलवर निघतं, डबा गार असतो, सीट स्वच्छ असते. हे सगळं आम्ही प्रवाशांनीच पत्रकं वाटून मागितलं होतं. खिडक्या कायमच्या बंद करा, असं मात्र कुणीच मागितलं नव्हतं.

माझ्या पुढच्या सीटवर एक बाळंतीण तान्ह्या लेकीला घेऊन सासरी निघाली होती. तिला लहानाची मोठी करणारी मावशी वाटेतल्या स्टेशनावर बाळ बघायला येणार होती. जुन्या पॅसेंजरमध्ये अशी बाळं बिनगजांच्या खिडकीतूनच हातात दिली जात. गाडी थांबली, फलाटावर मावशी दिसली. ही उठली, पण वाटेत बॅगाच बॅगा. ती दाराशी पोचण्याआधीच दार आपोआप मिटलं.

"मावशे, इकडं! अगं इकडं बघ की!" परत येऊन ती काचेवर थापा मारू लागली.

"वहिनी, हाका गाडीतच फिरताहेत," मागून कुणीतरी हसलं.

माझी मूठ वळली. माणसांची सोय करायची आणि माणसांनाच कोंडायचं, ही कसली सुधारणा? पण त्या काचेला साधी कडीसुद्धा नव्हती.

बाहेरून काच काळी होती. मावशी अंदाजानं चुकून माझ्या खिडकीशी आली. काचेवरून दोन्ही हात फिरवून तिनं कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

गाडी हलली.

"तुमचीच दृष्ट काढली की हो तिनं," बाळंतीण रडवेलं हसली आणि तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा हिला जरा. तिथंच, खिडकीशी."