जाळीवरचा शालू

आमच्या जयसिंगरावांना काही शिकवील असा माणूस अजून जन्माला यायचाय. निदान त्यांचं तरी तसं ठाम मत आहे. मी त्यांचा चुलतभाऊ. बंगळुरात मल्लेश्वरममध्ये एकाच गल्लीत घरं, त्यामुळे मला सुटका नाही.

गेल्या वर्षी त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि समाजातल्या प्रत्येक लग्नात पंगतीचा घास अडवला. "अरे, ह्या गाडीत इंजिनाची ओढ चाकांकडं नेतं ते तेल. घुसळून घुसळून ते तापतं. मग नळीतून पुढं येतं, ह्या जाळीमागं. इथं वारा लागला की निवतं आणि परत गिअरबॉक्समध्ये जातं. निवलं नाही, तर गिअरबॉक्स गेला म्हणून समज!" ह्यात चूक काहीच नव्हती. शोरूममधल्या माणसाचं बोलणं त्यांनी शब्दन्‌शब्द पाठ केलं होतं. पाठांतरात दादा पहिल्यापासून हुशार. समजून घेण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

त्यांच्या बायकोचा, सत्यवतीवहिनीचा, एकुलता भाऊ दयानंद येलहंक्याला राहतो. काही वर्षांपूर्वी त्यानं "दाजी, स्वल्प सावकाश चालवा" एवढंच म्हटलं होतं. तेवढ्यावरून ह्यांनी अबोला धरला आणि वहिनीचं माहेर तुटलं. राग ह्यांचा, वनवास तिला. यंदा दयानंदानं घर बांधलं, दसऱ्याच्या सकाळचा मुहूर्त धरला आणि फोनवर रडत म्हणाला, "अक्का, नव्या घरातलं पहिलं दूध तुझ्याच हातानं उतू जायला पाहिजे. मुहूर्त टळेपर्यंत वाट बघीन." जयसिंगराव चक्क राजी झाले. मोठेपणा वगैरे काही नाही, नवी गाडी मेव्हण्याच्या दारात उभी करायची होती.

आदल्या दिवशी आयुधपूजा. गल्लीतल्या बाकीच्या गाड्यांना केळीचे दोन खुंट आणि एक हार. ह्यांना तेवढ्यावर कसं भागणार? ह्यांनी पुढच्या जाळीवर झेंडूचे जाडजूड हार आडवेउभे आवळले आणि त्यावर वहिनीच्या कपाटातला जरीचा शालू ताणून बांधला. तिच्या लग्नात दयानंदानं दिलेला.

"अहो, तो मी उद्या नेसणार होते," वहिनी म्हणाली.

"गाडी म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीपेक्षा तू मोठी?"

मी म्हटलं, "दादा, जाळी झाकलीत. तेलाला वारा कुठनं लागणार?" त्यावर त्यांनी ते तेलाचं व्याख्यान मला पहिल्यापासून ऐकवलं, तेही शालूवरच बोट ठेवून! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

दसऱ्याला सकाळी आम्ही तिघं निघालो. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर विमानतळाकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली. चढावर थांबत, सरकत, पुन्हा थांबत आमची गाडी तापली आणि समोर गिअरबॉक्सचा लाल दिवा लागला.

"एसी वाढवतो, थंड होईल," जयसिंगराव म्हणाले. एसीचीही जाळी तिथंच, शालूमागं. तिनं आपली गरमी तेलाच्या जाळीवर ओतली. करपल्याचा वास आला आणि गाडी ओढेनाशी झाली. कशीबशी चढ ओलांडून उतारानं खाली आली आणि कडेला लागली.

"अहो, शालू सोडा आधी. मुहूर्त टळेल."

"पूजेचं सोडायचं नसतं. दृष्ट लागलीय गाडीला. त्या दयानंदाचीच असणार."

"माझी वाट बघत बसलाय तो!"

"बसू दे. माझ्या गाडीपेक्षा त्याचं दूध महत्त्वाचं?"

वहिनी खाली उतरली. गाठी सुटेनात, तेव्हा तिनं त्या दातांनी सोडल्या. हार रस्त्यावर पडले. झेंडूनं डागाळलेला शालू तिनं झटकला, खांद्यावर टाकला आणि रिक्षाला हात केला. "अण्णा, येलहंका. स्वल्प बेग, लवकर!" मीही तिच्याबरोबर चढलो. खरं सांगतो, कुणाची गाडी बंद पडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आम्ही वेळेत पोचलो. वहिनीनं तो डागाचा शालू तसाच नेसला आणि दूध चढवलं. ते उतू गेलं तेव्हा बहीणभाऊ दोघंही लहान पोरांसारखे रडले.

पंगत बसता बसता जयसिंगराव आले, किल्ली बोटावर फिरवत. "बघितलंस? मेकॅनिक लागला नाही. थोडा वेळ उभी ठेवली, आपोआप निवली." शालू निघाला म्हणून जाळीला वारा लागला, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दयानंदाला त्यांनी गाडी दाखवली, आणि मग तेलाचं व्याख्यानही दिलं. त्या बिचाऱ्यानं मान डोलवत सगळं ऐकलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी दारातून हाक मारली, "चल गं, सत्यवती."

वहिनी पायसाचं पातेलं घेऊन वाढत होती. तिनं मान वर केली नाही. "तुम्ही व्हा पुढं. मी दिवाळी करून येईन."

जयसिंगरावांनी माझ्याकडं बघितलं. मी वाटी पुढं केली आणि वहिनीला म्हटलं, "अजून थोडं वाढ."