बासरी कुणी काढली?

"थांब. येतीय."

असं म्हणून चाचा एक बोट वर करायचे, डोळे मिटायचे, आणि बरोबर दोन सेकंदांनी गाण्यात बासरी यायची. दर वेळी. त्यांच्या दुकानाला लागून मी मोबाईल रिपेअरिंगचं काउंटर टाकलं त्या पहिल्याच दिवशी हे बघितलं. मला वाटलं, हा माणूस गाणं ऐकत नाहीये, बासरीला आत यायची परवानगी देतोय.

दुकान भिगवणला, स्टेशनच्या रस्त्यावर. चाचांचा धंदा मंडप आणि साउंडचा. लग्न, उरूस, गणपती, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडं ह्यांचेच स्पीकरचे बॉक्स. पण माईकवर "हॅलो हॅलो टेस्टिंग" हे त्यांनी जन्मात केलं नाही. ते एकच जुनं गाणं लावायचे आणि मंडपातल्या सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसायचे. बासरी तिथपर्यंत स्वच्छ आली की साउंड पास. नाही आली तर नवरदेव घोड्यावर ताटकळला तरी चालेल, हे परत वायरी काढायला बसणार.

गाणं कुणाचं ते लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडणं सुरू होणार, आणि भांडणं म्हणजे काय ते मला माहितीय, कारण आमचा व्हॉट्सॲप ग्रुपच त्याच्यासाठी आहे. बारामतीच्या कॉलेजातल्या पोरांनी काढलेला, ह्या संगीतकाराच्या फॅन लोकांचा. आम्ही त्याला मास्तर म्हणतो. ग्रुपमध्ये सरळ दोन पार्ट्या. जुनी पार्टी म्हणायची, मास्तर पहिल्यासारखा राहिला नाही, चाल गेली, नाजूकपणा गेला, नुसतं धाड धाड. नवी पार्टी म्हणायची, माणसानं जन्मभर तेच तेच करायचं का? मी जुन्या पार्टीत. आणि जुन्या पार्टीचे कॅप्टन अर्थातच चाचा.

नव्या पार्टीचे कॅप्टन कोण असतील? कॉलेजचं पोरगं वाटलं ना? चुकलात. इंदापूरकडचे ऊसवाले तात्या, साठी ओलांडलेले. ट्रॅक्टरवर त्यांनी चाचांकडूनच एवढा मोठा बॉक्स बसवून घेतलेला. खतं न्यायला भिगवणला आले की चहाला चाचांच्या दुकानात, आणि बसायच्या आधीच सुरू.

"चाचा, तुमची बासरी लावली की माझा ड्रायव्हर झोपतो. परवा ट्रॅक्टर पाण्याच्या चारीत गेला."

"आन तुमच्या दणक्यानं उसाला अवेळी तुरा आला तर मला सांगू नका, तात्या."

"मास्तर मोठा झालाय, चाचा. तुमी तितंच बसलाय."

"मोठा न्हाय झाला. भैरा झालाय."

हे असं दर आठवड्याला. चहा थंड व्हायचा, दोघं नाही.

आणि मग एक दिवस ग्रुपवर चाचांची व्हॉइस नोट आली. मी मोबाईलची स्क्रीन काढत होते, ऐकलं आणि स्क्रू हातातून खाली. चाचा म्हणत होते, "मास्तरचं नवीन ऐकलं. चांगलं हाय. जुन्यात आता काय ऱ्हायलं न्हाय."

मी ती नोट तीनदा ऐकली. ग्रुपवर तर आग लागली. कॅप्टनच पलीकडं गेला म्हटल्यावर आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं? मी स्क्रू शोधलासुद्धा नाही, तशीच शेजारी गेले.

"चाचा, हे काय?"

"तोंडातल्या तोंडात बोलू नको, पोरी. नीट बोल."

"नव्या पार्टीत का गेलाय म्हणते."

"गाण्याच्या कंपनीनं बासरी काढलीय," चाचा म्हणाले. एकदम शांतपणे, जसं काही चौकातला सिग्नल काढला. "जुनी गाणी परत साफ करून टाकली न्हवं मोबाईलवर, त्यात काढली. नुसता ठेका ठिवलाय. आता ठेकाच ऐकायचा तर नव्यातला दमदार हाय. छातीत वाजतो."

मी माझ्या मोबाईलवर ते गाणं लावलं. बासरी होती, चांगली खणखणीत. मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "बघ. न्हाय."

मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. आता पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी ग्रुपवर टाकलं, "ताजी बातमी: चाचांच्या म्हणण्यानुसार बासरी चोरीला, पंचनामा सुरू." हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकानं चाचांचा बोट वर केलेला फोटो घेऊन स्टिकर बनवलं, खाली "बासरी सापडली का?" ते स्टिकर चार दिवस फिरलं. पाचव्या दिवशी चाचा ग्रुपमधून बाहेर पडले.

मला वाटलं रुसले. रुसू दे, येतील.

पुढच्याच महिन्यात शेळगावला माझ्या मामेबहिणीचं लग्न. साउंड चाचांचाच. दुपारची वेळ, माणसं जमलेली, चाचांनी नेहमीचं गाणं लावलं आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. उठले. मिक्सरपाशी येऊन एक बटण थोडं फिरवलं. परत मागं. परत उठले, अजून फिरवलं. गाणं इतकं टोकदार झालं की माझे दात शिवशिवायला लागले. तेवढ्यात भटजींनी माईक हातात घेतला.

आणि जी शिट्टी सुरू झाली. तुम्ही कधीतरी ऐकली असेल, माईक आणि बॉक्स एकमेकांवर ओरडतात ती. पण ही थांबेचना. बायकांनी पोरांचे कान दाबले. मामा जेवणाकडून पळत आला. भटजींनी माईक ठेवला आणि तो बॉक्सच्या तोंडाशीच ठेवला, मग तर विचारूच नका. सगळा मंडप कानांवर हात ठेवून उभा.

एकटे चाचा मिक्सरशेजारी उभे होते, हात खाली सोडून, मान जरा कलती करून, डोळे मिटून. वाट बघत.

मी पळत गेले आणि आवाज पूर्ण खाली ओढला.

"का बंद केलंस?" चाचा म्हणाले. "टेस्टिंग चाललंय."

"चाचा, शिट्टी वाजत होती."

"कुठं?"

मग त्यांनी समोर बघितलं. माणसं कानांवरचे हात हळूहळू खाली घेत होती. दीडदोनशे माणसं. चाचा ते हात बघत राहिले. त्यांना कळलं ते मला दिसलं, आणि मलाही त्याच क्षणी कळलं.

त्यांनी स्वतःच गाणं परत लावलं. बारीक.

"खरं सांग. आत्ता बासरी हाय?"

"हाय."

"आत्ता?"

"अजून हाय, चाचा."

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हणजे ओठांकडं. आणि मला आठवलं, कितीतरी महिने ते सगळ्यांच्या ओठांकडंच बघत होते, आणि तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून मला रागवत होते. आम्हाला वाटायचं स्वभाव.

चाचा खुर्चीवर बसले. म्हणाले, "मग कंपनीवर उगंच आळ घेतला मी."

बारामतीला कानाच्या डॉक्टरांकडं चाची आणि मी घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर मोठ्या स्पीकरशेजारी उभं राहिल्यावर बारीक आवाज आधी जातात, जाड तेवढे राहतात. कानाला मशीन लावलं की माणसांचं बोलणं बरंच कळेल. चाचांनी एकच प्रश्न विचारला, "आन गाण्यातलं?" डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद उगाच उलटा केला आणि म्हणाले, "बघू."

चाचांनी साउंड बंद केला. मंडप आणि खुर्च्या तेवढं ठेवलं. मी ग्रुपवर सगळं लिहिलं, माफी मागितली, स्टिकरवाल्यानं ते सगळीकडून काढलं. तात्यांचा मला फोन आला. म्हणाले, "त्यो माझ्याच पार्टीत आला म्हणून मी पेढे वाटले गं," आणि फोन ठेवला. चाचा ग्रुपमध्ये परत आले नाहीत.

आणि गेल्या महिन्यात मास्तरचं नवीन गाणं आलं. त्यात बासरी. इतक्या वर्षांनी. जुनी पार्टी नाचायला लागली, तर नवी पार्टी म्हणाली, कसली बासरी, कॉम्प्युटरवर बनवलीय, आता कोण माणसं बोलावतं वाजवायला? दोन दिवस रणकंदन. शेवटी कुणीतरी लिहिलं, ओळखणारा एकच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी तात्या माझ्या काउंटरवर. "चल," म्हणाले.

चाचा दुकानात मंडपाच्या कनाती घडी करत होते. कानात मशीन. तात्यांनी मोठ्यानं भांडण समजावलं. चाचांनी मोबाईल कानाला लावला, मशीन काढून लावला, परत घालून लावला. नाही अशी मान हलवली.

"म्हणून दाखव," मला म्हणाले.

"मी? मला गाता येत न्हाय, चाचा."

"मला कुठं ऐकाय येतंय. म्हण. जाड आवाजात."

मग मी बासरी म्हटली. घोगऱ्या, जाड आवाजात, भर दुपारी, दुकानात, रस्त्यावरची माणसं बघताहेत. तात्या तोंडावर टॉवेल धरून हसत होते, मग हसायचे थांबले. चाचांनी सगळं ऐकलं. दोनदा.

"लांब वढतोय त्यो," म्हणाले. "मधी कुठं श्वास घेतो का?"

मी गाणं लावलं, मोबाईल कानाशी दाबला. तिसऱ्या ओळीनंतर अगदी बारीक, सुर्रकन हवा आत गेल्यासारखं होतं. आमच्यापैकी कुणी ऐकलंच नव्हतं.

"घेतो, चाचा. एकदा. घाईत."

"घाईत घेतो व्हय." चाचांनी कनातीची घडी पूर्ण केली, वरून हात फिरवला. "मग माणूस हाय. दमलाय बिचारा. लिव तसं."

मी लिहिलं. लगेच खाली चार जण, कोण म्हणतं, कशावरून म्हणतं. तात्यांनी स्वतःचा फोन काढला, चष्मा वर केला, आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाईप केलं, "चाचा म्हणतोय."