सातबाऱ्यावरची माझी दोन नावं

वडिलांनी मृत्युपत्रात मुरबाडचं शेत मला दिलं, पण ते माझ्या नावावर व्हायला दोन वर्षं लागली. माझ्या लग्नाला तीस वर्षं होऊनही त्यांनी माझं माहेरचंच नाव लिहिलं होतं, आणि माझे सगळे कागद सासरच्या नावाचे! ती मीच, हे तलाठ्याला पटेना. शेवटी भावाला बोलावलं. त्यानं हरकत घेतली असती, तर आणखी किती वर्षं गेली असती कुणास ठाऊक.

"तायच हाय ती माझी," तो म्हणाला. "लहानपनी रोज बदडायची मला. इसरंन कसा?"

तलाठीही हसला. बाळांनो, आज सातबारा हातात आला, दोन्ही नावांसकट! उद्या पहिल्या एसटीनं मी माझ्या शेतावर चालले आहे.