डॉक्टरबाईंच्या दारावरची रेघ

डॉ. मालतीबाईंची आणि माझी पहिली गाठ भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये पडली. ढिगाऱ्यातून काढलेली माझी आई पाठीवर पडून होती. बाईंनी तिला तपासलं आणि मला विचारलं, "हिचा कोण तू?" म्हणालो, "मुलगा." "मग नुसता उभा का? वारा घाल." तेव्हापासून आजवर, त्यांच्या पंचाहत्तरीपर्यंत, मी त्यांचे हुकूम ऐकत आलो. एकदाच ऐकला नाही, ते सांगतो.

पुढं आम्ही लातुरात, बाईंच्या दवाखान्याच्या गावी आलो आणि मी खानावळ टाकली. क्लासेस वाढले, शिकायला येणारी पोरं वाढली, तशी खानावळही वाढली. आईची पाठ मात्र ठणकतच राहिली. बाईंनी तपासण्या सांगितल्या होत्या, त्या मी टाळल्या. मला गुण उद्याच हवा होता. मुदखेडपलीकडं पाठदुखीवर औषधाच्या पुड्या देणाऱ्या एकाचं नाव कानावर आलं. पुडी घेतली की आई दुसऱ्या दिवशी ताठ चालायची. मी वर्षानुवर्षं स्वतः जाऊन पुड्या आणल्या, वर दहा जणांना पत्ताही दिला.

एक दिवस वरणाचं पातेलं उचलताना आई मटकन खाली बसली. मणका दबला होता. बाई आपल्या दवाखान्याच्या दारावर प्रत्येक म्हातारीच्या उंचीची रेघ मारून ठेवतात. आईला तिथं उभं केलं. जुन्या रेघेपेक्षा ती चार बोटं खाली होती.

"काय देत होता?" बाईंनी विचारलं. मी पुडी पुढं केली.

"यात स्टेरॉइड असणार. दुखणं झाकतं आणि हाडं पोखरतं."

ज्या हातांनी ढिगारा उपसला, त्याच हातांनी मी आईला हे चारत होतो. "आजपासून बंद," मी म्हणालो.

"खबरदार. एकदम बंद केलंत तर जिवावर बेतेल. मी हळूहळू उतरवते."

मग हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली: उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. लक्षात राहावा म्हणून आईनं सोमवार धरला. तिसऱ्या आठवड्यात छातीत आग पडली, घास उतरेना.

"गोळी कशासोबत घेतली?" बाईंनी विचारलं.

"तीर्थासोबत."

"किती?"

"पळीभर. सोमवार हाय न्हवं माझा, पूजेआधी पाणी कुठं पिते मी?"

रोज शेजारी असून मला हे दिसलं नव्हतं. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "चूक माझी. मी पाणी सांगितलं, उपास विचारला नाही." त्या दिवसापासून त्यांच्या दवाखान्यात औषध लिहिण्याआधी उपास विचारले जातात. स्वतःची चूक रोग्यासमोर कबूल करणारे डॉक्टर मी दुसरे पाहिले नाहीत.

अन्ननलिका भाजलेली म्हणून गोळी बंद; वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडंही थकलेली, म्हणून हाडांसाठी वर्षातून एकदा चढवतात ते सलाईनही नको. सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन उरलं. तेही लगेच नाही. आधी कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व भरून काढलं, किडकी दाढ काढून जखम भरू दिली. "दाढेचा काय संबंध?" मी विचारलं. "जबडा हाडाचाच असतो, शेठ. हे औषध चालू असताना दाढ काढली तर तिथली जखम चिघळू शकते."

या इंजेक्शनची तारीख चुकली तर मणके पुन्हा ढासळू शकतात, म्हणून बाई आधी स्वतः फोन करतात. एकदा आई अडून बसली, "अधिक महिना हाय, मागनं बघू." बाई म्हणाल्या, "महिन्याचं पुण्य तुमचं, पाप लागलं तर माझं. दंड पुढं करा."

गेल्या महिन्यात आईची रेघ जिथल्या तिथं भरली. तिनं बाईंच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "बाई, आता तुमी उभ्या ऱ्हावा."

दारावर सगळ्यात जुनी रेघ बाईंचीच होती. त्या हसत उभ्या राहिल्या. नवी रेघ दोन बोटं खाली आली.

"तपासलं कवा हुतं?" आईनं विचारलं.

"वेळच मिळाला नाही हो."

"मी बी असंच म्हनायचे. उद्या सकाळी हा येतो न्यायला."

मी नेलं. आता बाईंचंही औषध सुरू आहे, आणि त्यांच्या तारखेआधी फोन माझी आई करते. बाईंना उदंड आयुष्य लाभो, हे सगळेच म्हणतील. माझं मागणं मोजून बघता येईल असं आहे: शंभरीतही त्यांची रेघ आज आहे तिथंच भरो. पेन्सिल आईनं अजून परत दिलेली नाही.