आर्नेच्या टाकीचं झाकण

रेनो कांगासला गावात कुणी मेकॅनिक म्हणत नाही. मेकॅनिक म्हणजे हमरस्त्यावरचा, ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे आणि जो छापील बिल देतो. रेनोकडे घरामागचं गॅरेज आहे, लाकडं जाळायची शेगडी आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल ठाम मत आहे. तरी एप्रिल सरता सरता सरोवरावरचा बर्फ फुटला, की सहा महिने चादरीखाली झोपलेल्या मोटरसायकली त्याच्याच दारात येऊन उभ्या राहतात. जुन्या पेट्रोलचा डिंक झालेले कार्ब्युरेटर तो उघडतो, मालकाला दोन टोमणे मारतो आणि गाडी सुरू करून देतो.

हे सगळं त्याला आर्ने हार्यूने दिलं. तांब्याची खाण बंद पडली तेव्हा रेनो एक्केचाळीस वर्षांचा होता आणि दगड फोडण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. तीन आठवडे तो अंगणातल्या सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर नुसता बसून होता. चौथ्या आठवड्यात शेजारचा आर्ने आला आणि म्हणाला, "सासू मेली असती तरी इतका बसला नसतास. ऊठ, माझा पाना धर." त्या दिवसापासून रेनो पाना धरून आहे. आर्नेने शिकवलेली पहिली गोष्ट अशी, "गाडी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघड आणि आत बघ. निम्मे शहाणे टाकी रिकामी असताना इंजिन खोलून बसतात." रेनोने हा नियम एकवीस वर्षांत एकदाही मोडला नाही.

आर्ने जाऊन दीड वर्ष झालं. त्याची त्र्याहत्तर सालची हिरवी मोटरसायकल आता त्याची बायको लेम्पी चालवते. पस्तीस वर्षं नवऱ्याच्या मागे बसलेल्या या बाईने पासष्टाव्या वर्षी लायसन्स काढलं, तेव्हा गावाच्या भुवया वर गेल्या. रेनोच्याही गेल्या होत्या. पण तो तिला काही बोलला नाही, आणि न बोलणं ही रेनोच्या बाबतीत मोठीच गोष्ट.

गाडीचं दुखणं मात्र विचित्र होतं. पहिल्या लाथेत सुरू व्हायची, पाच-सहा मैल मजेत पळायची, मग दोन आचके देऊन गप्प. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. रेनोने कार्ब्युरेटर दोनदा धुतला, फिल्टर बदलला, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढून साफ केला. नळी सोडून बरणीत पेट्रोल धरलं, तर धार अशी की मिनिटात बरणी भरली. गॅरेजमध्ये गाडी तासभर चालायची. रस्त्यावर गेली की तेच.

मागच्या आठवड्यात ती वळणावर बंद पडली आणि मागून ओंडक्यांचा ट्रक येत होता. ड्रायव्हरने कसाबसा ब्रेक मारला. लेम्पी गाडी ढकलत चारीत उतरली. डेट्रॉइटहून मुलीचा फोन आला, आई, विकून टाक. लेम्पी वेलदोड्याचा पाव घेऊन रेनोकडे आली आणि म्हणाली, "रविवारी पाद्री गाड्यांना आशीर्वाद देणार आहेत. चर्च बावीस मैलांवर. तिथपर्यंत न थांबता गेली तर ठेवीन. नाहीतर सोमवारी विकते."

"मी बघतो."

"वर्षभर बघतोयस, रेनो. तुझी चूक नाही. तुला जमत नाही, एवढंच."

हे त्याला फार लागलं, कारण ती प्रेमाने म्हणाली होती.

गुरुवारी दुपारी तो स्वतः गाडी घेऊन निघाला. सहाव्या मैलावर आचके आणि शांतता. सवयीने त्याने खिशात हात घातला, तर टॉर्च घरी राहिलेला. टॉर्चशिवाय आत काय दिसणार? तरी हात झाकणाकडे गेलाच. त्याने झाकण फिरवलं आणि टाकीने सूं करून लांब श्वास आत ओढला. रेनो झाकण हातात धरून तसाच उभा राहिला. त्याने ते पुन्हा लावलं, लाथ मारली, आणि गाडी तत्क्षणी सुरू झाली.

टाकीत हवा शिरतच नव्हती. पेट्रोल खाली जायचं तर वरून तेवढी हवा यायला हवी, आणि त्यासाठी झाकणाला एक बारीक भोक असतं. ते बुजलं होतं. आणि आर्नेचा शहाणा शिष्य वर्षभर प्रत्येक तपासणीआधी इमानेइतबारे झाकण उघडून टाकीत डोकावत होता, म्हणजे आजार बघण्याआधीच तो बरा करत होता. रेनो रस्त्याच्या कडेला एकटाच हसला आणि मग स्वतःला सणसणीत शिवी घातली.

भोक कशाने बुजलं, हे झाकणावरच लिहिलं होतं. दर वर्षी आशीर्वादानंतर पाद्री एक गोल स्टिकर देतात, वर चाक आणि क्रूस. लोक ते हेल्मेटवर लावतात. आर्ने झाकणावर लावायचा, एकावर एक. घरी येऊन रेनोने झाकण भिंगाखाली धरलं. कडेने थर मोजता येत होते. झाकणाच्या आतल्या बाजूने त्याने टाचणी घातली, ती आर्नेच्या साऱ्या स्टिकरांमधून अलगद वर आली आणि शेवटच्याला अडली. आर्ने दर वर्षी भोकाच्या जागी टाचणी टोचत होता. कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटचा स्टिकर मागच्या वर्षीचा, लेम्पीने लावलेला, आणि त्यावर नखांच्या बिनरंगी पॉलिशचे तीन जाड थर. काही निघून जाऊ नये म्हणून.

टाचणी आणखी केसभर रेटली की काम झालं असतं. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये घाण होती, असं सांगून तो मोकळा झाला असता. पण रविवारी ती नवा स्टिकर आणणार, वर पॉलिश लावणार, आणि पुढच्या वळणावर पुन्हा ट्रक असणार. सांगणं भाग होतं. नवऱ्याची आठवण जपायला केलेल्या कामानेच गाडीचा गळा आवळला, हे त्या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं? शुक्रवारचा दिवस त्याने असाच घालवला.

शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात, कॉफीचा दुसरा कप संपल्यावर, त्याने झाकण टेबलावर ठेवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. लेम्पीने चष्मा लावला. टाचणी आतून घालून तिने स्वतः बघितलं, ती कुठे अडते ते.

"म्हणजे हे मी केलं."

"पॉलिशने केलं."

"पॉलिश काय आपण होऊन बाटलीतून बाहेर आलं?" ती म्हणाली. मग तिने टाचणी स्वतःच वर रेटली. टक् असा बारीक आवाज झाला. झाकण त्याच्या हातात देऊन ती कप विसळायला उठली. रेनो घरी गेला तो जीव टांगणीला लावूनच.

रविवारी ती पुढे आणि तो मागे पिकअपमध्ये. सहावा मैल गेला. ट्रकचं ते वळण आलं आणि मागे पडलं. वळण आलं आणि मागे पडलं. पंधराव्या मैलावर रेनोच्या लक्षात आलं, की आपण मघापासून मोठ्याने बोलतोय, "आर्ने, तुझे उपकार आहेत रे बाबा, फार उपकार आहेत." त्याला लाज वाटली नाही. जिवंतपणी हे त्याने एकदाही म्हटलं नव्हतं.

चर्चच्या आवारात लेम्पीने गाडी उभी केली, हेल्मेट काढलं आणि सरळ त्याच्याकडे आली. डोळे लाल होते. आता ऐकून घ्यायचं, म्हणून रेनोने मान खाली घातली.

"पस्तीस वर्षं तो मला म्हणायचा, तू मागेच बस, हे तुझं काम नाही," ती म्हणाली. "गाडी बंद पडायची ना, तेव्हा दर वेळी मला वाटायचं, तोच थांबवतोय. त्याला मी चालवलेली आवडत नाही. वर्षभर मी रस्त्याच्या कडेला बसून त्याची माफी मागत होते, रेनो."

तिने त्याचा पेट्रोलच्या वासाचा हात दोन्ही हातांत धरला.

"ते मी केलं होतं," ती म्हणाली. "त्याने नाही. देव तुझं भलं करो."